डावखुऱ्या रायफलीचा घोडा

ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो आणि घरात बायकोच्या पायात घुटमळायला लागलो. ती मात्र त्याच सुमारास शेजारणीबरोबर एअर रायफल शिकायला जाऊ लागली. ती डावखुरी. क्लबातल्या रायफली सगळ्या उजव्या हाताच्या, त्यामुळे लाकडी दस्त्याचा उंचवटा तिच्या गालाला नको तिथं टोचायचा.

"दस्ताच ना? मी करतो," मी म्हणालो.

प्रशिक्षकांनी एक जुनी रायफल दिली. मी वखारीतून शिसवाचा ठोकळा आणून गच्चीवर कोरत बसलो. दस्ता देखणा झाला. खरी परीक्षा पुढं होती. घोड्याची, म्हणजे ट्रिगरची, लोखंडी पेटी त्यात खाच कोरून बसवायची होती. खाच सैल झाली की पेटी हलते, घट्ट झाली की दाबलेला घोडा परत येत नाही. लाकूड कुठं अडतंय ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पेटीला काळं फासायचं, ती खाचेत दाबून काढायची आणि डाग उठेल तिथंच पटाशीनं तासायचं. काळं म्हणून मी बायकोच्या काजळाची डबी उचलली.

ती बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला जायला नटून गच्चीवर आली.

"माझं काजळ कुठंय?"

माझं नाक, कपाळ, बनियन, सगळं काळं झालेलं. "रायफलीला लावलं."

"का? तिला दृष्ट लागत होती?"

पण पदर खोचून बसलीच शेजारी. मी पेटी बसवून स्क्रू पिळले. रायफल रिकामी होती. तिनं घोड्यावर बोट ठेवून दाबलं.

"अडतोय."

मी दाबून बघितलं. "छे! मला तर लोण्यासारखा लागतोय."

"तुम्ही उजव्या बोटानं दाबताय."

खरंच की! तिच्या डाव्या बोटाचा दाब जरा आडवा पडत होता आणि घोडा खाचेच्या कडेला घासत होता. स्क्रू सोडले, तिनं दाखवलं तिथं तासलं, पुन्हा बसवलं. तिनं घोडा दाबला. टक्! आणि बोट सोडताच तो अलगद जागेवर परत आला.

"हां," ती म्हणाली. कारखान्यात एवढी वर्षं काढली, पण असा आनंद क्वचितच झाला असेल.

साखरपुड्याला पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. मेव्हणी फुगलेली. "एवढा उशीर?"

"अगं, घोडा अडला होता," मी म्हणालो.

"साखरपुड्याला घोडा कशाला आणलात?" मेव्हणी घाईघाईनं गेटकडं बघायला लागली.

पुढच्या रविवारी बायकोच्या निशाण्याच्या कागदावर छिद्रं मधोमध दाटीनं पडली. कागद तिनं फ्रीजवर चिकटवला. येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायचं काम माझ्याकडं आहे.