बिबड्यांची निवडणूक

दूरच्या एखाद्या देशात फौज पाठवून लोकशाही बसवता येते का, यावर टीव्हीवर चार माणसं तावातावाने बोलायला लागली की मी आवाज बंद करते. हा उद्योग मी स्वतः करून बसले आहे. फौज नव्हती, साखरेचा रिकामा डबा होता.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी धरणगावला शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. पुण्याहून आलेली, त्यामुळे स्वतःच्या शहाणपणाबद्दल शंका अशी नव्हतीच. होळी झाली की आमच्या गल्लीत बिबडे सुरू व्हायचे. ज्वारीचं पीठ शिजवायचं आणि ओल्या फडक्यावर थापून गच्चीवर वाळवायचं. रोज एका घरचे बिबडे, थापायला बाकी सगळ्या बाया. कुणाचा दिवस कोणता, हे समोरच्या घरातल्या आक्का ठरवायच्या. गल्लीत जी आधी राहायला आली तिचा दिवस आधी, असा रिवाज. त्यावर अपील नाही.

शेवटचा दिवस कायम कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या ताईंचा. तो येईपर्यंत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली असायची आणि आभाळ भरायला लागायचं. बिबडे धड वाळायचे नाहीत, कुबट वास मारायचे. आखाजीला माहेरी आलेली त्यांची मुलगी दोन वर्षं बिबड्यांविना, रिकाम्या हाताने यावलला सासरी गेली होती. दुसऱ्या वर्षी एस.टी. हलल्यावर ताई पदराने डोळे पुसत होत्या, ते मी पाहिलं आणि माझं डोकंच सणकलं.

पुढच्या होळीला मी डब्याला भोक पाडलं, चिठ्ठ्या कापल्या आणि सगळ्यांना आक्कांच्या ओट्यावर जमवलं. क्रम आक्कांनी ठरवायचा की सगळ्यांनी मिळून? गुप्त मतदान. आक्कांनीही मजेत चिठ्ठी टाकली आणि सगळ्यांना चहा पाजला. मी ऐटीत डबा उघडला. माझी एक चिठ्ठी सोडली तर सगळ्या चिठ्ठ्या आक्कांच्या बाजूने होत्या. त्यातल्या एकीवर शिवणाच्या निळ्या खडूची खूण होती.

गुप्त मतदानाचा नियम मोडून मी त्याच संध्याकाळी ताईंकडे गेले. रागावलेच होते. तुमच्यासाठी एवढा खटाटोप केला आणि तुम्हीच असं केलंत?

त्यांनी मशीन थांबवलं नाही. “तुम्हनी बदली व्हयनी का तुम्ही चालना जाशात. मले आठेच ऱ्हानं शे.”

बदली झाली की मी जाणार, त्यांना इथेच राहायचं; हा धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हता. त्या वर्षीही मुलगी तशीच गेली. मी डबा धुऊन परत साखर भरली.

पुढच्या वर्षी होळीनंतर आक्का ओट्यावर क्रम सांगायला बसल्या, तेवढ्यात ताई उठून उभ्या राहिल्या. “आक्का, यंदा पहिला दिन मन्हा शे. मन्ही पोर तीन साल रिकाम्या हाते गई.”

आक्कांनी सुपारी तोंडात टाकली, चघळली. “मंग शेवटला दिन कोनाले?”

“गल्लीमा सर्व्यात शेवटे कोन उनी?” ताई म्हणाल्या.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. सर्वांत नवी मीच होते. तरी मास्तरीण म्हणून आक्का मला दरवर्षी दुसरा दिवस देत आल्या होत्या, आणि तो कुणाच्या वाट्यातून येतो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

“ज्यासले पटस त्यासनी हात वऱ्हे करा,” आक्का म्हणाल्या. डबा नाही, चिठ्ठ्या नाहीत. बघता बघता सगळ्या बायांचे हात वर गेले. माझाही गेला, थोडा उशिरा.

आखाजीच्या आठवड्यात आभाळ भरलं आणि माझे बिबडे त्यात बरोब्बर सापडले. ताईंची मुलगी मांडीवर भरलेला डबा घेऊन यावलच्या एस.टी.त बसली, खिडकीतून हात हलवत गेली. परतताना मी ताईंना म्हटलं, माझ्या बिबड्यांना वास येतोय.

“मंग पुढला साल बोला,” त्या म्हणाल्या. “तुम्हले बी तोंड शे ना?”