बंद करा म्हणणाऱ्या बाई

आमच्या बाईंच्या तोंडी एकच हुकूम असायचा, "बंद करा." गोंगाट बंद करा, रडणं बंद करा, चुगल्या बंद करा. शाळेच्या दारात भुंकणाऱ्या कुत्र्यालाही त्या हेच सांगत आणि ते मुकाट्याने शेपूट घालत असे. बारवी धरणाजवळच्या एका पाड्यावर आमची दोन शिक्षकी शाळा होती. बाई मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखाली. वर्गात दिलेला हुकूम बाहेर भात लावणाऱ्या बायकांनाही ऐकू जायचा, असा त्यांचा आवाज होता.

बाई अंबरनाथला राहत आणि यजमानांची जुनी जीप स्वतः चालवत शाळेत येत. बदलापूरला मला घेत. पाड्यावर एसटी पोचायची तेव्हा शाळा सुटत आलेली असायची, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. हळूहळू ती जीप साऱ्या पाड्याची झाली. बाळंतीण अडली, पोर तापाने फणफणलं, की लोक बाईंना हाक मारत. दवाखाना थेट बदलापूरला आणि रुग्णवाहिका बोलावली तर येईल तेव्हा खरी. बाई मधल्या सुट्टीत पेशंट पोचवून येत आणि उरलेल्या तासात पाढे घेत. त्यात आपण काही थोर करतो असं त्यांना वाटत नसे. त्यांना फक्त राग येई, की हे काम एका शाळामास्तरणीने का करावं.

एका उन्हाळ्यात जीपचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी होऊ लागलं. आज टाकी भरावी, तर दोन दिवसांत तळ दिसे. बाईंनी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला, तो सकाळी कोरडा. रबरी नळ्या दाबून पाहिल्या, झाकणाचा रबर बदलला, ऑइलमध्ये पाणी शिरलंय का तेही पट्टी काढून बघितलं. कुठेच काही नाही. मग चढणीवर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला की आम्ही कॅन घेऊन हातपंपावर. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते माणसांचं असतं. आमच्या गाडीचंही तेच झालं होतं.

यजमान म्हणत, "अगं, जुनी गाडी आहे, पाणी पिणारच." बाई भडकत. "गुत्त्यावरच्या माणसाबद्दलही लोक असंच म्हणतात. जुना आहे, पिणारच. पाणी हवेत जात नाही. कुठेतरी जातंय."

शेवटी त्यांनी गाडी उल्हासनगरला एका गॅरेजमध्ये नेली. मी बरोबर होते. तिथला उस्ताद कानाला मोबाइल लावूनच गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "मॅडम, गाडी गरम होती है तब टपकता है. थोडासा है." बाई घाईत होत्या, शाळेची वेळ झाली होती. त्यांनी आपला नेहमीचा हुकूम सोडला, "वो सब मुझे मत बताओ. लीकेज बंद करो." त्याने बंद केलं. पुढे कितीतरी दिवस टाकीतली पातळी केसभरही हलली नाही. बाई उतारावर चक्क गुणगुणत गाडी चालवू लागल्या.

आमच्या शाळेत खिचडी शिजवायला बुधी यायची. एका सकाळी लाकडं उपसताना तिच्या हाताला फुरसं चावलं. ती ओरडली नाही. वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, मना फुरसा चावला." बाईंनी तिला जीपमध्ये बसवलं. मी मागे तिचा हात धरून बसले. हात डोळ्यांदेखत सुजत होता.

निम्म्या वाटेत पुढून करकर आवाज आला, पट्टा तुटला, बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि गाडी जागीच थांबली. मोबाइलला रेंज नव्हती. धरणावर फिरायला आलेल्यांच्या दोन गाड्या काचा वर करून निघून गेल्या. त्यातल्या एकाने वाफेचा फोटो काढला. तो चेहरा मला अजून आठवतो आणि अजून हात शिवशिवतात. खूप वेळाने दुधाचा टेम्पो आला. बुधी वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. पाड्यावरचे लोक म्हणाले, नशीब. नशीब कसलं? ज्या धरणाचं पाणी एवढ्या शहरांना पुरतं, त्या धरणाच्या काठी सापाचं एक इंजेक्शन पुरत नाही, याला नशीब म्हणायला माझी जीभ वळत नाही.

बदलापूरच्या मेकॅनिकने जीपचा वॉटर पंप खोलून बाईंच्या हातात दिला. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील खराब झालं की पाणी त्या भोकातून टपकतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, पंप जाणार आहे हे मालकाला कळावं म्हणून. उल्हासनगरच्या उस्तादाने ते लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलं होतं. बाहेर यायची वाट नाही म्हटल्यावर पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, पंप जाम झाला आणि त्याला फिरवणारा पट्टा तुटला.

बाई तो पंप पिशवीत घालून उल्हासनगरला गेल्या. आज त्या गॅरेजवाल्याची धडगत नाही, असं मला वाटलं. त्यांनी पंप त्याच्या टेबलावर आदळला. तो पंपाकडे बघून शांतपणे म्हणाला, "मॅडम, मैं बता रहा था. आपने बोला, बताओ मत, बंद करो." बाईंनी पंप उचलून परत पिशवीत घातला. येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "शोध म्हणायला हवं होतं गं. मी बंद कर म्हटलं."

त्या दिवसानंतर तो हुकूम शाळेत कुणी ऐकला नाही. राग कमी झाला असं मुळीच नाही, उलट वाढला. पण पोर रडायला लागलं की बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसून खेकसत, "काय झालं? नीट सांग." पोरं घाबरत, पण सांगत. कुणाचा बाप मारतो, कुणाच्या घरी कालपासून चूल नाही, हे सगळं आम्हाला तेव्हा कळलं. इतकी वर्षं आम्ही त्यावर लांबीच भरत होतो.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाला तालुक्याहून एक साहेब आले होते. भाषणं चालू असताना बुधी दाराशी बसून हमसाहमशी रडायला लागली. साहेब हसून म्हणाले, "अहो मावशी, रडणं बंद करा. आनंदाचा दिवस आहे." बाई खुर्चीतून उठल्या. "तिला बंद करायला सांगू नका. का रडते ते विचारा."

साहेबांना विचारावं लागलं. बुधीने तीन बोटांच्या हाताने डोळे पुसले. "बाय गेली का जीप पन जाल. मंग फुरसा चावला तं आमी कशात जाव?"

साहेब म्हणाले, "बघू." तो "बघू" ऐकून बाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण त्यांनी पर्समधून जीपची किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवली. "पंप नवा आहे," त्या म्हणाल्या. "खालच्या भोकातून टपकायला लागलं तर पुसू नकोस. आधी ऐक, ती काय सांगते ते."

मला तेव्हा साधी स्कूटरही येत नव्हती. माणसं हौसेने गाडी शिकतात, मी रागाने शिकले. साहेब अजून बघतायत.