चवथीला दाखवलेला वरचा मजला

आमच्या वाड्यातले, म्हणजे वस्तीतले, कृष्णनाथमामा पालिकेत घरपट्टीचे कारकून. सत्तावीस वर्षं ते लोकांची घरं मोजत आले आणि लोक त्यांना चहा पाजून मापं कमी सांगत आले. सप्टेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती, ओहोळावर साकव, छोटासा पूल. पावसाळ्यात ओहोळ भरला की आम्हाला बाजारात जायला दोन किलोमीटरचा वळसा पडतो. "पालिकेत आपला माणूस असून साधा साकव होत नाही," हे इतक्यांदा ऐकून मामा हल्ली बसमध्ये झोपेचं सोंग घ्यायचे.

पालिकेचं म्हणणं सरळ होतं. ज्या वाड्याची घरपट्टी वाढेल, त्या वाढीतला निम्मा पैसा त्याच वाड्याच्या कामाला. आमची पट्टी मात्र जागची हलत नव्हती, कारण कागदावर आमची सगळी घरं अजून एकमजली आणि मातीची. मामा टेप घेऊन आले की जिन्याच्या दाराला कुलूप.

"वर काय आहे रे?"

"नारळ."

एवढे नारळ खरंच असते, तर साकव आम्हीच बांधला असता.

मग चवथ आली. मामा आणि सुमंगलामामी दर्शनाला घरोघर निघाले. आमच्याकडे चवथीच्या पाहुण्याला गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीची फळं दाखवतात, नेवऱ्या खायला घालतात आणि अख्खं घर फिरवल्याशिवाय सोडत नाहीत. मामांच्या शेजारच्या धाकूने तर त्यांना हाताला धरून वर नेलं.

"हा हॉल, मामा. टाइल म्हापशाहून आणली."

"सुंदर. अठरा बाय बारा असेल, नाही?"

"वीस बाय चौदा," धाकू दुखावून म्हणाला.

पुढच्या घरांत तर विचारावंही लागलं नाही. जो तो शेजाऱ्यापेक्षा फूटभर जास्तच सांगत होता.

परतताना मामी म्हणाल्या, "नेवऱ्या खाल्ल्यात त्याच घरांवर पट्टी चढवणार? तोंड कसं दाखवाल?"

"तोच विचार करतोय गो."

विसर्जन झाल्यावर मामा टेप घेऊन निघाले ते स्वतःच्याच अंगणापर्यंत. धाकूला हाक मारून म्हणाले, "दुसरं टोक धर."

मामांच्या घरामागे दोन पक्क्या खोल्या होत्या. धाकूने विचारलं, "ह्या खोल्या कागदावर काय आहेत, मामा?"

"गोठा."

"आणि गाय?"

"मामीही हेच विचारते."

धाकूने इतक्या भक्तीने माप घेतलं की न्हाणीचा उंबरठाही सुटला नाही. तोवर अर्धा वाडा जमून हसत होता. मामांनी स्वतःची पट्टी जवळजवळ दुप्पट लिहिली, सही केली आणि वही धाकूपुढे धरली. "आता तू."

धाकूने कुणाकडे पाहावं ते न सुचून बायकोकडे पाहिलं. ऋतिका म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? पावसात पोरांना वळसा घालून शाळेत मी सोडते. ही घ्या चावी."

त्या आठवड्यात वाड्यातली सगळी कुलपं निघाली. एका घरात खरोखरच नारळ होते. तिथे मामा दोनदा वर जाऊन आले.

मामांच्या निवृत्तीला दोन दिवस असताना पालिकेच्या सभेत साकव मंजूर झाला, आणि दिवाळीनंतर पाणी ओसरलं तसं काम सुरू झालं. धाकू रोज सकाळी तिथे जाऊन सिमेंटमध्ये वाळू जास्त पडते म्हणून कटकट करतो. ठेकेदाराने वैतागून विचारलं, "तू कोण रे?"

"मालक," धाकू म्हणाला.