दोराची खूण

दाऊदभाई जमिनीवरही दोराच्या खुणांनी बोलत. एक हिसका म्हणजे सैल सोडा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे वर ओढा. चहाच्या दुकानातून उठायचे झाले की ते माझी बाही तीनदा ओढत.

एकोणीसशे तीसच्या सुमारास मी रत्नागिरीच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. मुंबईच्या आगबोटी खोल पाण्यात उभ्या राहत. उतारू पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, किनाऱ्याला येत. त्या वाटेत बुडालेली गलबते, तुटलेले खांब काढणे हे दाऊदभाईंचे काम. कमरेला दोर, हातात दगड आणि छातीत मावेल तेवढी हवा. मला पाहिले की विचारत, "काय पेपरवाले, आज कोन मेला?"

एका वर्षी कौलांनी भरलेले एक गलबत बंदराच्या तोंडाशी बुडाले. बाकीचे खलाशी पोहून आले. दाऊदभाईंचा मुलगा याकूब आला नाही.

दाऊदभाई रोज खाली जाऊन टोपल्यांतून कौले वर पाठवू लागले. दफन करायला मुलगा हाती लागावा, एवढेच त्यांना हवे होते. परतले की त्यांची बायको मरियमबी दारातून विचारी, "गावला?"

"नाय."

गलबताची डोलकाठी पाण्याखाली हातभरच होती. उतारूंचा एक पडाव तिच्यावर घासून फुटला. माणसे कशीबशी वाचली. बंदराच्या साहेबांनी गलबत सुरुंगाने उडवण्याचा हुकूम दिला.

दोर धरणारा महादू म्हणाला, "दाऊदभाई, तुमी नका जाव. दुसरा कोन जाईल."

"दुसरा सुरुंग कुठंबी बांधल. मागची बाजू मी सगली चाचपली, थंय पोर नाय. मी थंयच बांधतंय."

सुरुंग उडाला. पाणी उभे राहिले आणि पडले. दाऊदभाई माझ्याकडे वळले. "पेपरवाले, आज कोन मेला, लिवा."

मी लिहिले: बंदराची वाट मोकळी झाली.

मोडलेल्या गलबताचे लाकूड पाणबुड्याचे, असा तिथला रिवाज. दाऊदभाईंची चूल वर्षानुवर्षे त्यावरच पेटे. महादूने सवयीने वर आलेल्या फळ्या गोळा करून त्यांच्या अंगणात टाकल्या. मरियमबीने त्यांतली एकही चुलीत घातली नाही. पावसात त्या तिथेच कुजल्या.

दाऊदभाई पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. मला पाहून कोण मेले हे विचारणेही थांबले. पुढे त्यांनी अंथरूण धरले. शेवटच्या दिवशी मी उशाशी बसलो होतो. त्यांनी माझी बाही एकदा ओढली.

मी वाट पाहिली. आणखी दोन हिसके आले नाहीत.