बिडाच्या पाइपावर दोन ठोके

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसून पान उलटतो. माझं सॅनिटरी सामानाचं दुकान आहे. पाइपातून आवाज का येतात हे गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगतो... हवा अडकते, पाणी आपटतं, बस. पण आज मीच लिहायला बसलोय. यातला अर्धा भाग माझा गुन्हा आहे, आणि तो आधी सांगायला हवा.

आम्ही बुऱ्हाणपूरचे. शनवारा चौकापासून पाच मिनिटांवर, गल्लीत दोन मजली घर. वरच्या बाथरूमचा बिडाचा पाइप भिंतीवरून उतरून दारापुढच्या चेंबरमध्ये येतो. ही लाइन वर्षानुवर्षं रघुभाऊ साफ करायचे. बांबूची लांब कामटी आणि एक लोखंडी सळई, एवढंच सामान. चेंबरमध्ये वाकण्याआधी ते सळईनं पाइपावर दोन ठोके द्यायचे – पहिला जोरात, दुसरा हलका. मग आम्ही वरून दोन ठोके परत द्यायचे. म्हणजे नळ बंद, वरून काही येणार नाही. ते उत्तर आल्याशिवाय रघुभाऊ वाकत नसत. म्हणायचे, "सेठ, बोलणं गल्लीत हरवून जाते. लोखंड नाही हरवत."

सहा वर्षांपूर्वी घरी सत्यनारायण होता आणि सकाळीच लाइन चोक झाली. रघुभाऊंनी ठोके दिले, मी वरून उत्तर दिलं. दहा मिनिटं झाली तरी पाणी उतरेना. पाहुणे यायची वेळ झालेली... मला वाटलं, वरून थोडं ॲसिड सोडलं तर घाण सुटेल. माझ्याच दुकानातली बाटली. अर्धी ओतली. रघुभाऊ खाली आहेत हे मी विसरलो नव्हतो. कामटी ओढायला उभे असतील, असं धरून चाललो होतो.

ते वाकलेले होते. उजवा डोळा गेला.

दवाखान्यात नेताना, रिक्षात, तोंडावर ओला टॉवेल धरून त्यांनी एवढंच विचारलं, "सेठ, ठोके तर तुम्हीच दिले होते ना?"

आणि संध्याकाळी गल्लीत सगळ्यांना, बायकोलासुद्धा, सांगितलं की ॲसिड रघुभाऊंनीच आणलं होतं, स्वतःच्या चुकीनं अंगावर घेतलं. त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही. लोकांनी त्यांना बोलावणं सोडलं. दुकानातून मीही त्यांचा नंबर देईनासा झालो. माझी बायको सुनंदा तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, इतकी वर्षं काम करून माणसाला अक्कल आली नाही. मी शेजारी बसून ऐकायचो. रघुभाऊ धूलकोट गावी मुलीकडे राहायला गेले आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच वारले. मी गेलो नाही.

आता गेल्या मार्चमधलं. सकाळचे अकरा. लाइन पुन्हा चोक. मशीनची गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही, आणि नवा माणूस फोन उचलेना. मी दुकानाला निघालो होतो, तो दारातूनच परत फिरलो. जिन्याखाली रघुभाऊंची जुनी कामटी पडली होती, ती काढली, चेंबर उघडलं आणि गुडघे टेकून आत वाकलो. सुनंदाला हाक मारली नाही. ठोकेही दिले नाहीत – पाइपाला हात लावायचं धाडसच झालं नाही.

थोड्या वेळानं मागून तिचा आवाज आला. "अहो, तुम्ही दुकानात नाही गेलात?"

वळून बघितलं, तर तिच्या हातात ॲसिडची बाटली. बूच काढलेलं.

"बाटली तिरपी केली होती मी," ती म्हणाली. "ठोके आले म्हणून थांबले."

"कसले ठोके?"

"तुम्हीच दिलेत ना? रघुभाऊ द्यायचे तस्से. पहिला जोरात, दुसरा हलका. मी दोन परतही दिले. मग म्हटलं, बघावं तरी कोण आहे."

माझ्या हातात फक्त बांबू होता, आणि तोही चेंबरच्या रस्त्याकडच्या तोंडात घातलेला. गल्ली रिकामी होती. माझं डोकं पाइपापासून वीतभर अंतरावर होतं... आणि मी ना ते ठोके ऐकले, ना सुनंदानं दिलेलं उत्तर.

त्या दुपारी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं मी त्या माणसाला बोलत राहिले, आणि तुम्ही बोलू दिलंत."

नंतर मी पान्यानं तो पाइप कितीदा तरी ठोकून पाहिला. वर साधी टिचकी मारली तरी खाली स्पष्ट ऐकू येते. मग त्या दिवशी मलाच का ऐकू आलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही. ठोके कुणी दिले, हे तर नाहीच.

लाइन अजूनही चोक होते. मी पाइपावर दोन ठोके देतो आणि वाट बघतो. वरून उत्तर येत नाही. सुनंदा जिना उतरून दारापर्यंत येते, माझ्याकडे न बघता "बंद आहे" म्हणते, आणि परत वर जाते.