वाणात दिलेला शब्द

त्या वर्षी पापाटोएटोला आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. इथे दक्षिण गोलार्धात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. बायका काठापदराच्या साड्या आणि पायात जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, अशा आल्या, उकाड्याने तिळाच्या वड्या चिकट झाल्या, आणि बोलायचं ते सोडून बाकी सगळं बोलून झालं. बोलायचं होतं ते आमच्यातल्याच एका मुलाबद्दल. कुणाच्या तरी पार्टीत तो इतका प्यायला की बेशुद्ध पडला आणि त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. त्याच्या आईने सगळ्यांना सांगितलं, बाहेरचं खाल्लं, पोट बिघडलं. खरं काय ते प्रत्येकीला माहीत होतं, तरी आम्ही माना डोलावल्या होत्या.

माझा स्वभाव तापट. करंडा हातात घेऊनच मी म्हणाले, "उद्या कुणाच्याही पोराचं पोट बिघडेल. तेव्हाही असंच झाकत बसायचं का?"

मग पापाकुऱ्याला राहणारी माझी मैत्रीण बोलली. ती इतकं हळू बोलते की मला एरवी तिचा वैताग येतो. "या वर्षी प्लास्टिकचे डबे नकोत," ती म्हणाली. "वाण म्हणून शब्द देऊ एकमेकींना. आपल्यातल्या कुठल्याही मुलाने फोन केला, तर जायचं आणि घेऊन यायचं. ओरडायचं नाही, काही विचारायचं नाही. त्याच्या आईला एवढंच कळवायचं, माझ्याकडे आहे, सुखरूप आहे. बाकीचं मूल सांगेल तेव्हा सांगेल. आईनेही उकरून काढायचं नाही. एकीने जरी आरडाओरडा केला, तरी पुन्हा एकही मूल फोन करणार नाही."

सगळ्यात मोठ्याने हो म्हणाले ती मीच, घरी लेकीलाही तो शब्द सांगून ठेवला. मनात पक्कं होतं की ही वेळ येईल ती दुसऱ्या कुणावर.

उन्हाळा संपत आला असताना एका शनिवारी माझी पंधरा वर्षांची लेक पापाकुऱ्याला कुणाकडे तरी बार्बेक्यूला गेली. सोबत तिच्या वर्गातली मैत्रीण होती. ही मुलगी मराठी नव्हती, पण आमच्याच रस्त्यावर राहायची. मला आंटी म्हणायची आणि माझ्या हातचे पोहे मागून मागून खायची. तिची आई वृद्धाश्रमात कामाला, शनिवारी संध्याकाळी तिची ड्यूटी असायची.

"घरात कुणी मोठं माणूस आहे ना?" मी लेकीला विचारलं होतं.

"हीप्स ऑफ पीपल, आई," ती म्हणाली आणि सटकली.

संध्याकाळी फोन वाजला तो पापाकुऱ्याच्या मैत्रिणीचा. "तुझी लेक माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. आज राहू दे इथे, सकाळी ये."

"काय झालं? प्यायलीय का ती?"

"सुखरूप आहे," तिने तेवढंच पुन्हा म्हटलं आणि फोन ठेवला.

नवरा कामासाठी वेलिंग्टनला होता. मी गॅस बंद केला, किल्ली उचलली आणि निघाले. मोटरवेवर गाडी हाकताना लेकीला काय काय सुनवायचं ते मोठमोठ्याने म्हणून पाहत होते. रागापेक्षा भीती जास्त होती, पण मला भीती वाटली की राग येतो, त्याला मी काय करणार?

मैत्रीण दारातच उभी होती. आत सोडेना.

"बाजूला हो. माझी मुलगी आहे ती."

"तुझीच आहे. पण आत्ता तू तोंड उघडलंस तर ती पुन्हा कुणालाच फोन करणार नाही. तिलाही माहितेय ते, मलाही." तिचा आवाज चढला नाही. "वाण दिलंयस तू मला. परत मागायला आलीस का?"

तिला ढकलून आत शिरावं असं मला खरोखर वाटलं. पण दिलेलं वाण परत मागणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. मी मुकाट्याने तिच्या पायरीवर बसले. तिने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. आत टीव्ही चालू होता. समोरचा माणूस गवत कापत होता आणि मी दातओठ खात बसले होते.

उन्हाळ्यातलं लांबलेलं ऊन अजून होतं तेव्हा लेक आपणहून बाहेर आली. तोंड धुतलेलं, डोळे सुजलेले. माझ्यापासून जरा लांबच उभी राहिली.

"आर यू गोइंग टू येल?"

"ओरडणार आहे," मी म्हणाले. "पण आज नाही. चल, घरी जाऊ."

गाडीत मी जीभ चावून बसले. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. मोटरवेला लागलो. मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, "आय हॅड वन कॅन. मग ते लोक नशेच्या गोळ्या वाटायला लागले, सो आय रँग मावशी." आणि एकदम रडायला लागली. "आई, शी इज स्टिल देअर."

"कोण?"

पोहे खाणारी मैत्रीण. ती खूप प्यायली होती. चल म्हटलं तर उठेना. आणि मावशीला हिने तिच्याबद्दल सांगितलंच नाही, कारण आम्ही शब्द दिला होता तो आपल्यातल्या मुलांसाठी. पोरीने तो जसाच्या तसा पाळला होता. शरमेने माझे कान तापले. मी पुढच्याच एक्झिटला गाडी वळवली.

त्या घराच्या गॅरेजमध्ये गाणी धडधडत होती. दारातला एक पोरगा मला बघून हसला आणि इथल्या रीतीने रामराम केला. "किया ओरा, आंटी. ऑल गुड."

"बाजूला हो," मी म्हणाले. या वेळी समोरचा झाला.

ती कोपऱ्यातल्या सोफ्यावर होती, मान छातीवर पडलेली. हाक मारली तसे तिने डोळे उघडले. गोळी घेतली नाही, एवढं तिने लेकीला नीट सांगितलं. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून तिला उभं केलं. तिची एक जॅन्डल कुठे गेली कोण जाणे, अनवाणीच चालवत आणली.

"ॲम आय इन ट्रबल, आंटी?"

मी तिचा बेल्ट लावला. लेक मागे तिच्या शेजारी बसली आणि तिचं डोकं खांद्यावर घेतलं. मी वृद्धाश्रमात फोन लावून तिच्या आईला बोलवायला सांगितलं. बोलले इंग्रजीत, पण शब्द तेच होते.

"माझ्याकडे आहे. सुखरूप आहे."