बाही हुंगून सांग

शेजारचे आबा आमच्या दारात आले की आधी उजवा हात पुढे करायचे. नमस्कारासाठी नव्हे.

"पोरी, हुंग."

मी त्यांची बाही हुंगायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे माझं नाकही शिकलेलं असणार, असा आबांचा समज होता.

हे सगळं दीड वर्षाच्या नातीसाठी, चिऊसाठी. तिला सारख्या शिंका, छातीत घरघर. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात विडीचा धूर नको, कपड्यांना चिकटलेलासुद्धा नको. सुनेनं लगेच ठरवून टाकलं, वास आला तर चिऊ मांडीवर मिळणार नाही.

आबा विडी ओढताना फक्त डोकं खिडकीबाहेर काढायचे. बाकीचे आबा घरातच.

"माजा धूर भायेर जाते."

"आनि तुमच्यासारखाच जेवायला परत येते," सून म्हणायची.

मग आबांनी युक्ती काढली. कामोठ्यात, भर मे महिन्यात, ते रेनकोट चढवून चाळीमागे विडी ओढायला जाऊ लागले. येणारेजाणारे आधी आबांकडे बघत, मग आभाळाकडे. विडी संपली की रेनकोट खिळ्याला, तोंडात बडीशेप, आणि घामानं निथळत माझ्याकडे.

एकदा वास आला. बाहीला नाही, मिशीला. पण वडीलधाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं? मी म्हणाले, "नाही येत, आबा." ते खुशीत गेले.

संध्याकाळी चिऊला धाप लागली. रिक्षातून दवाखान्यात नेलं, तिथे मास्कमधून औषधाची वाफ दिली, तेव्हा ती शांत झाली.

दुसऱ्या दिवशी आबा आले. हात खालीच होता.

"आबा, काल वास येत होता. मी खोटं बोलले."

"मना बी येत व्हता गो," ते हळूच म्हणाले. "म्हनून तर तुला इचारला."

त्यांनी त्याच दिवशी मिशी काढली. चिऊनं त्यांना ओळखलंच नाही, भोकाड पसरलं. विडी तेव्हापासून सुटली. हुंगवून घेणं मात्र सुटलं नाही. बाहीला नुसता साबणाचा वास यायचा, तरी रोज हजर.

आबा गेल्या वर्षी गेले. चिऊ आता बालवाडीत जाते. घरी जाण्याआधी आमच्या दारात थांबते, हात पुढे करते.

"ताई, हुंग."

मी नीट हुंगते.

"लोणच्याचा येतोय," मी सांगते. आता खरं तेच सांगते.